बांगड्या कोणी फोडल्या?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी या दिवशी मी सतरंज्या घालते आणि चहाचे बघते. यंदा मला चहावरून उठवून इथे उभे केले आहे, तेव्हा काही चुकले तर चहाच्या कपाकडे बघून सोडून द्यावे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेर इंदापूर तालुक्यातले, सासर बारामतीचे. आठवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि मुलीला सायकलवर पाठवायचे नाही असे घरात ठरले. ते कोणी ठरवले हे मला आजवर कळलेले नाही. वडील म्हणत, आजी नको म्हणते. आजी म्हणे, माझं काही नाही, पण भावकी नावं ठेवील. आणि भावकीतल्या काकू मला लग्नानंतर म्हणाल्या, "तू हुशार होतीस गं, तुला का नाही शिकवलं तुझ्या बापानं?" हे सहज सांगितले, पण पुढे माझी गाठ याच्याशीच आहे.

आजचा विषय माझ्या डोक्यातून आलेला नाही. माझी मुलगी इथल्या कॉलेजात समाजशास्त्र घेऊन बी.ए. करते आहे. परीक्षा आली की पुस्तक माझ्या हातात देते आणि पाठ केलेले म्हणून दाखवते. मी मेथी निवडीत निवडीत पुस्तकात बघायचे आणि चुकली की सांगायचे. असे करता करता तिच्याआधी माझेच पाठ झाले. तिला मार्क पडतात, मला प्रश्न पडतात.

तर एमिल दुर्खीम नावाचे एक फ्रेंच पंडित होऊन गेले. जन्म 1858 चा. त्यांचे म्हणणे असे की समाज म्हणजे माणसांची नुसती बेरीज नव्हे. दहा माणसे एकत्र आली की त्यात एक अकरावी गोष्ट तयार होते. ती दहांपैकी कोणाच्याही मनात सापडत नाही, पण दहाही जणांना वाकवते. आपण जन्मण्याआधी ती होती आणि आपण गेल्यावरही राहणार. म्हणून समाजात जे घडते त्याचे कारण एकेका माणसाच्या मनात शोधू नका, समाजातच शोधा, असे त्यांनी 1895 साली पुस्तक लिहून बजावले.

मुलीला हे समजेना. मी म्हटले, कालव्याचे बघ. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याची पाळी रात्री दोनला आली की तुझे बाबा दोनला उठतात. त्यांचे मन म्हणते झोप, अंग म्हणते झोप. तरी उठतात. पाटकरी काही दारात येऊन काठी मारीत नाही. शेजारच्या शेतकऱ्यालाही दोनची पाळी आवडत नाही, त्याच्या शेजाऱ्यालाही नाही. कोणाच्याच मनात नसलेली गोष्ट सगळ्यांना अंथरुणातून उठवते. मुलगी म्हणाली, "आई, तू पेपर लिही माझा."

आता दुसरी बाजू. याच दुर्खीमांच्या काळात गाब्रिएल तार्द म्हणून एक गृहस्थ होते. व्यवसायाने न्यायाधीश. ते म्हणत, हा समाज समाज म्हणून तुम्ही कोणता देव बसवला आहे? शेवटी आहेत ती माणसेच. एक जण काही करतो, दुसरा त्याचे बघून करतो, तिसरा दुसऱ्याचे. अनुकरण, एवढेच. त्यांचे अनुकरणावरचे पुस्तक 1890 चे. सन 1903 मध्ये पॅरिसमध्ये या दोघांचा समोरासमोर वाद झाला आणि पुढच्याच वर्षी तार्द वारले. वाद मात्र अजून चालू आहे, नाहीतर माझ्या मुलीला दहा मार्कांना विचारला नसता.

हे सगळे पॅरिसचे. भगिनींनो, मला यातले काही कळायचे कारण म्हणजे आमच्या घरात घडलेली एक गोष्ट. ती इथे सांगू का म्हणून मी धाकट्या जाऊबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "सांगा, पण माझी कीव येईल असं सांगू नका." तर तसे सांगण्याचा प्रयत्न करते.

2018 साली आमचे धाकटे दीर गेले. ऐन चाळिशीच्या आतले. तुमच्यापैकी पुष्कळ जणी त्या दिवशी आमच्याकडे होत्या. अंगणात पुरुष, आतल्या खोलीत आम्ही बायका. मयत उचलण्याआधी जाऊबाईंना मध्ये बसवले, आणि जे करतात ते केले. कुंकू पुसले, मंगळसूत्र काढले, जोडवी काढली, बांगड्या फोडल्या. फोडल्या त्या आमच्या चुलत सासूबाईंनी. त्या स्वतः तरुणपणीच विधवा झालेल्या. आणि जाऊबाईंचा हात धरला होता तो मी. कशासाठी धरला होता? तिने ओढून घेऊ नये म्हणून. तिने एकदा ओढला, तेव्हा मी आणखी घट्ट धरला. काच लागून माझ्या अंगठ्याला थोडे रक्त आले. त्याची खूण राहिली नाही. राहिली असती तर बरे झाले असते, असे कधी वाटते.

मला ते करायचे नव्हते, हे मी देवाशपथ सांगते. मग केले का? त्या वेळी असे वाटले की खोलीतल्या सगळ्या जणींची तशी अपेक्षा आहे आणि मी एकटीच मनाने कच्ची आहे.

पुढे मला एक छंदच लागला. त्या खोलीत आम्ही अकरा जणी होतो. कधी पापड लाटताना, कधी एसटीत, कधी दवाखान्याच्या बाकावर, संधी मिळेल तशी एकेकीला मी हळूच विचारले, "त्या दिवशी तुला काय वाटलं होतं?" चार-पाच वर्षांत सात जणींना विचारून झाले. सातही जणी म्हणाल्या, नको वाटत होतं. एक म्हणाली, मी भिंतीकडे बघत होते. एक म्हणाली, मला वाटलं तुम्ही थोरल्या, तुम्ही थांबवाल. आणि चुलत सासूबाई म्हणाल्या, "माझा हात कापत होता गं. पण मी नाही फोडल्या असत्या तर तुम्हीच म्हणाला असता, म्हातारीला रीत ठाऊक नाही."

म्हणजे आता हिशोब बघा. फोडणारीला फोडायच्या नव्हत्या. धरणारीला धरायचे नव्हते. बघणारींना बघायचे नव्हते. मग बांगड्या कोणी फोडल्या?

मी मुलीला विचारले की तुझे दुर्खीम काय म्हणतील? ती म्हणाली, ते म्हणतील रिवाजाने फोडल्या, बायका निमित्त. आणि तार्द? ते म्हणतील, आजीने तिच्या सासूचे बघून फोडल्या, तिच्या सासूने तिच्या सासूचे बघून. मला दोन्ही उत्तरे पटतात आणि दोन्ही अपुरी वाटतात. पहिल्यात मी सुटते फार लवकर. दुसऱ्यात प्रत्येक जण दुसरीकडे बोट दाखवते. माझ्या हाताने धरलेला हात दोन्हींत कुठे बसत नाही.

मुलीच्या पुस्तकात आणखी एक गोष्ट निघाली, ती वाचून मी भाजी खाली ठेवली. दुर्खीमांचे 1897 चे पुस्तक आत्महत्येवर आहे. जीव देण्याइतकी खाजगी गोष्ट दुसरी कोणती? पण त्यांनी निरनिराळ्या देशांचे आकडे मांडून दाखवले की ज्या त्या देशात दर वर्षी प्रमाण साधारण तेच राहते. माणसे दर वर्षी वेगळी, दुःखे वेगळी, आकडा तसाच. प्रॉटेस्टंटांत जास्त, कॅथॉलिकांत कमी. एकट्यांत जास्त, संसारी माणसांत कमी. म्हणजे माणूस समाजाशी किती बांधलेला आहे यावर ते अवलंबून. फार सुटा असला तरी वाईट, आणि फार घट्ट बांधलेला असला तरीही वाईट. या फार घट्ट बांधलेल्यांचे उदाहरण म्हणून त्यांनी कोणाचे दिले आहे? नवऱ्यामागे मरणाऱ्या हिंदू विधवांचे. सतीची चाल 1829 मध्ये कायद्याने बंद झाली होती, तरी सत्तर वर्षांनंतर पॅरिसच्या पुस्तकात आपण होतो. समाजशास्त्र आपल्यापासून लांब आहे असे कोणी म्हटले तर त्यांना हे सांगावे.

आता वारीचे सांगते, कारण तिच्यावाचून आपल्याकडचे बोलणे पुरे होत नाही.

दीर गेल्याला वर्ष झाल्यावर, 2019 च्या आषाढात, जाऊबाई म्हणाल्या, मी पालखीबरोबर जाते. घरात कोणी हो म्हणेना, नाहीही म्हणेना. मग मी म्हटले, इंदापूरपर्यंत मी बरोबर जाते. तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली तशा आम्ही निघालो. काटेवाडीला परीट मंडळींनी धोतरांच्या पायघड्या घातल्या होत्या. मेंढ्या पालखीभोवती धावल्या. सणसरचा मुक्काम, मग बेलवाडीचे रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. हा रस्ता मी एसटीने शंभर वेळा गेलेली आहे, पण पायी गेल्यावर कळले की त्यावर इतकी चिंचेची झाडे आहेत.

पहिल्याच सकाळी कोणा वारकऱ्याने जाऊबाईंच्या कपाळाला बुक्का लावला. त्याने विचारले नाही, तुम्ही कोण. माझ्याही लावला. तिथे सगळ्यांना नाव एकच, माउली. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी बाईने त्यांचे दोन्ही हात धरून फुगडीला ओढले. भगिनींनो, जे हात मी धरले होते तेच हात. त्या फिरल्या. पदर सुटला, तोंड लाल झाले, आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. मी रस्त्याच्या कडेला दोघींच्या पिशव्या धरून उभी. मला रडू आले ते आनंदाने की लाजेने, हे सांगता येणार नाही.

याला मुलीच्या पुस्तकात 'सामूहिक चैतन्य' म्हटले आहे. माणसे मोठ्या संख्येने एकत्र येऊन एकच गोष्ट करू लागली की एकेकट्याच्या अंगी नसलेले बळ सर्वांच्या अंगात येते, असे दुर्खीमांनी 1912 साली लिहिले. लिहिले ते ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या मेळाव्यांवरून, आणि तेही दुसऱ्यांची पुस्तके वाचून. स्वतः ते तिकडे गेले नाहीत. आपल्या बेलवाडीच्या रिंगणाला आले असते तर पुस्तक आणखी बरे झाले असते, असे आपले माझे मत. त्यांच्याच देशातले ल बाँ म्हणत की गर्दीत माणसाची अक्कल जाते. जात असेल. पण गर्दीत माणसाला कधी कधी त्याचे हसूही परत मिळते, ते त्यांनी कुठे लिहिल्याचे मुलीच्या वहीत तरी नाही.

मात्र वारीची आरती करून मी थांबणार नाही, कारण आपल्यातल्याच एक थोर बाई तिथे चालून गेल्या आणि त्यांनी डोळे उघडे ठेवले. इरावतीबाई कर्वे. जन्म 1905 चा, ब्रह्मदेशातला. इरावती नदीवरून नाव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी जन्मभर समाजशास्त्राचे आणि मानववंशशास्त्राचे काम केले. 'परिपूर्ती' या पुस्तकात त्यांचा वारीवरचा 'वाटचाल' हा लेख आहे, मंडळाच्या कपाटात प्रत आहे, जरूर न्यावी. दिवसभर एकत्र चालणारी, एकच अभंग गाणारी माणसे जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसत, हे त्यांनी पाहिले. त्यांना ते सलले. नुसते सलून त्या थांबल्या नाहीत, दुसऱ्या पंगतीत जाऊन जेवल्या. मग त्या बायका त्यांच्याशी मोकळेपणी बोलू लागल्या. म्हणजे समूह उचलूनही घेतो आणि चुलीपाशी वेगळेही बसवतो. आणि पंगत ओलांडायला एकच बाई पुरते, पण ओलांडायला तिलाच लागते.

याच इरावतीबाई म्हणजे महर्षी कर्व्यांच्या सूनबाई. महर्षींनी 1893 साली विधवेशी, म्हणजे बाया कर्व्यांशी लग्न केले, तेव्हा त्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला. घरच्यांची माया काही आटली नव्हती. पण गावापुढे मायेचे काय चालते?

इंदापूरला रिंगण पाहून आम्ही एसटीने परतलो. बारामतीच्या स्टँडवर उतरलो आणि जाऊबाईंनी पदराच्या टोकाने कपाळावरचा बुक्का पुसला. मी म्हटले, अगं, राहू दे की. त्या म्हणाल्या, "ताई, घर आलं."

पुढच्या वर्षी, 2020 मध्ये, करोनामुळे वारी चालली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. 2021 मध्येही तसेच. त्या दिवसांत जाऊबाई संध्याकाळी कालव्याच्या पुलापर्यंत एकट्याच चालून यायच्या. एकदा मी विचारले, बरं वाटतं का? म्हणाल्या, "चालता येतं एकटीला. फुगडी नाही घालता येत."

मग 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे रोजी ठराव केला की आमच्या गावात नवरा गेल्यावर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे बंद. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितले. आपल्या मंडळाच्या बैठकीत ती बातमी वाचली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला विधवा भगिनींनाही बोलवायचे असा ठराव एकमताने झाला. सगळ्यांचे हात वर. माझाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी तिघी आल्या. दाराजवळच्या सतरंजीच्या कडेवर बसल्या. कडेवर बसा असे कोणी सांगितले नव्हते. मधे बसा असेही कोणी म्हटले नाही. करंडा माझ्या हातात होता. ओळीने कुंकू लावीत मी जाऊबाईंपाशी आले आणि हात थांबला. ठराव केलेला हात हाच. मी मागे वळून पाहिले. तुम्ही सगळ्या आपापल्या ताटलीतल्या तिळगुळाकडे बघत होता. रागावू नका, मीही तुमच्या जागी असते तर तिळगुळच बघितला असता. जाऊबाईच म्हणाल्या, "राहू द्या ताई, हळद लावा नुसती." मी हळद लावली आणि पुढे गेले.

त्या रात्री झोप नाही. ठराव एका क्षणात होतो, हात हलायला वेळ लागतो, हे काही मला नवे कळले नाही. मला टोचले ते हे, की पहिल्या वेळी मी म्हणू शकत होते की बाकीच्यांना नको असेल हे मला ठाऊक नव्हते. या वेळी ठाऊक होते. सर्वांचे हात वर गेलेले मी मोजले होते. तरी थांबला. म्हणजे ती अकरावी गोष्ट खोलीत कुठेतरी फिरत नव्हती, माझ्या मनगटात बसली होती. दुर्खीम म्हणतात बाहेर असते. माझ्या अनुभवाने ती बाहेरून आत येऊन राहते आणि मग घरच्यासारखी वागते. त्यांचे भाचे मार्सेल मोस यांनी 1924 साली मानसशास्त्रवाल्यांपुढे भाषण करून दोन्ही शास्त्रांनी एकमेकांना मदत करावी असे सांगितले. म्हणजे घरातल्याच माणसाने समेट सुरू केला. आपल्याकडेही तसेच होते.

आणि खुद्द दुर्खीम? त्यांचा मुलगा आंद्रे पहिल्या महायुद्धात सैनिक होता. तो 1915 च्या शेवटी गेला. त्या धक्क्यातून हे सावरले नाहीत, 1917 मध्ये वारले, वय एकोणसाठ. मुलीला हे परीक्षेला नाही. पण मी म्हटले, हेही लिही. देशासाठी समाजासाठी म्हणून लाखो मुले गेली, पण हा बाप मोडला तो एका मुलाने.

त्या पुढच्या संक्रांतीला मी करंडा घेऊन सुरुवातच दारापासून केली. तरी हात अडखळलाच. तेवढ्यात चुलत सासूबाई काठी टेकीत पुढे आल्या, "आधी मला लाव, पन्नास वर्षं झाली." त्यांच्या कपाळावर सुरकुत्यांत कुंकू नीट बसेना. मग जाऊबाईंना लावले. मग तिसरीला. मग हसणे, गप्पा, उखाणे सुद्धा झाले. तार्द म्हणतात ते इथे खरे ठरले, एकीने केले की दुसरीला सोपे जाते. पण जाऊबाई अजूनही गावी लग्नाला जाताना टिकली काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात चिकटवतात. तो आरसा नाही, तरी तिथे टिकल्यांची एक ओळ झाली आहे.

आता एक उरले आहे, आणि ते सांगण्यासाठीच मी चहा सोडून इथे उभी राहिले. गेल्या महिन्यात यंदाच्या संक्रांतीच्या कामांची वाटणी झाली. वाणाची खरेदी, तिळगूळ, सतरंज्या सगळे ठरले. तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "दर वेळी आम्ही लावूनच घ्यायचं का? यंदा करंडा मी घेऊन फिरते."

खोलीत कोणी बोलले नाही. नाही म्हटले नाही आणि हो म्हटले नाही. अध्यक्षीणबाईंनी विषय पुढच्या सभेवर ठेवला. मी आपल्या सवाष्णींपैकी एकेकीला विचारायला सुरुवात केली आहे, पापड लाटताना आणि एसटीत, जुन्या सवयीप्रमाणे. तिघींना विचारून झाले. तिघी म्हणाल्या, मला चालेल हो, पण बाकीच्यांचं काय.

सभा येत्या शनिवारी चार वाजता आहे. मी जाऊबाईंच्या शेजारी बसणार आहे.